ल्यानझूचा अंबाडा

रूईझेनने लाल दोरी ओढली आणि ल्यानझूच्या कानावरचं केसांचं वेटोळं सुटून पाठीवर पडलं. कमरेखाली गेले ते केस.

ही मोलकरीण लहानपणी घरात आली, तेव्हा एक अक्षर तिला रूईझेननेच गिरवायला शिकवलं होतं. अक्षरात वर केसांची खूण, खाली वेटोळ्याची. कुमारिकेच्या केशरचनेला तेच अक्षर, मोलकरणीलाही तेच. आज तिचं दोन्ही संपणार होतं. सासूबाईंना नातू हवा होता. पोरीला धाकटी बायको करायची तर अंबाडा थोरलीनेच स्वतःच्या हातांनी घालायचा, अंगरखाही थोरलीचाच चढवायचा. त्याशिवाय तिला पितरांपुढे उभं करता येत नव्हतं.

नवऱ्यावर मात्र रूईझेनचा राग नव्हता. चोंगवेन आईपुढे मान खाली घालून बसला होता. मागाहून बायकोला म्हणाला होता की, त्या पोरीकडे आपण कधी नीट पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्या बोलण्यावर तिने हे दिवस रेटले होते.

तिने फणी खसकन ओढली.

"मजा आहे बाई तुझी," रूईझेन म्हणाली.

"मला कुणी विचारलं नाही, बाईसाहेब."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस?"

ल्यानझू मांडीवरची लाल दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

रूईझेन मत्सराने नुसती जळत होती. तिने मुद्दाम स्वतःसारखाच अंबाडा घातला, जुन्या वळणाचा, मानेवर बसका, तेल थापून चपटा केलेला. पोर पोक्त दिसली पाहिजे. मागून तरी दिसलीच. मग आपला निळा अंगरखा तिला चढवून रूईझेन पडद्याआड अंबाड्याचा काटा आणायला गेली.

तेवढ्यात चोंगवेन दारात आला. खिडकीकडे तोंड करून बसलेली बाई, निळा अंगरखा, रोजचा अंबाडा. तो हलक्या आवाजात म्हणाला,

"झाली का गं तिची वेणीफणी? डाव्या कानामागे जरा जपून. तिथे ओढ बसली की डोळ्यांत पाणी येतं तिच्या."

अंबाडा हलला नाही. मान तेवढी लाल होत गेली.

पडदा सारून रूईझेन बाहेर आली. तिने काटा नवऱ्यापुढे धरला.

"एवढा खोचायचा राहिलाय," ती म्हणाली. "तुम्हीच खोचा. कुठे दुखतं ते तुम्हाला ठाऊक आहे."