सहावा फाउल

शिडीला हे नाव तिच्या उंचीमुळे शाळेतच पडलं. आई शिवणकाम करायची म्हणून निभावलं, नाहीतर दर सहामाहीला आखूड होणाऱ्या पँटींना पट्टी जोडता जोडता दुसरी कोणी मेटाकुटीला आली असती. शाळेत बास्केटबॉल खेळताना शिडीला एकच खोड होती. बॉल दिसला की हात आधी जायचा आणि डोकं मागून. तिथे पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, त्यामुळे ती बहुतेक सामन्यांत डोळे पुसत बाकावर यायची. पुढे जिवाचं रान करून तिने ती खोड मोडली. हात वर, पाय रोवलेले, कोणी अंगावर आलं तरी जागा सोडायची नाही.

व्यावसायिक संघाने तिला घेतलं ते याचसाठी, असं तिला वाटलं. पहिल्याच दिवशी सरांनी, म्हणजे संघाच्या प्रशिक्षकांनी, फरक समजावला होता. शाळेत आठ मिनिटांचा डाव, इथे बारा मिनिटांचा, म्हणून इथे एक फाउल जास्त. शिडीला हायसं वाटलं होतं.

उपांत्य सामन्यात समोरच्या संघात राणी होती. तिचं खरं नाव कोणी घेत नसे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती नुकतीच परतली होती, पायाला काळा पट्टा बांधून. कपडे बदलायच्या खोलीत बामचा वास कोंदला होता. सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. आपल्या उंच मुली तीन, प्रत्येकीचे सहा फाउल, एकूण अठरा, आणि एकही वाया घालवायचा नाही. मग मार्कर स्वतःच्या गुडघ्यावर टेकवून ते म्हणाले, राणी उडी मारून खाली येते तेव्हा तिच्या पायाखाली आपला पाय हवा. सुरुवात शिडीने करायची.

सगळ्या जणी खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधू लागल्या.

"मी हे करणार नाही," शिडी म्हणाली.

"फाउलच आहे तो. तुझ्याकडे सहा आहेत."

"सहावा फाउल खेळ लांब असतो म्हणून दिलाय, सर. कोणाचा गुडघा मोडायला नाही."

कॅप्टनने तिचा शर्ट मागून ओढला, पण शब्द सुटून गेला होता. सरांनी तिला बाकाच्या टोकाला बसवलं.

कॅप्टन आणि दुसरी उंच मुलगी राणीला ढकलत राहिल्या, ओढत राहिल्या. शेवटच्या डावात दोघींचेही सहा फाउल भरले. आता उंच म्हणून एकटी शिडीच उरली. सर तिच्यापुढे उकिडवे बसले आणि दबक्या आवाजात म्हणाले, काय सांगितलंय ते लक्षात ठेव.

"लक्षात आहे. करणार नाही."

तेवढ्यात शिट्टी वाजली. दुसरा इलाज नव्हता. तिला पाठवावंच लागलं.

शिडी भिंतीसारखी उभी राहिली. राणी दोनदा येऊन तिच्यावर आदळली आणि दोन्ही वेळा फाउल राणीच्या नावावर लागला. एकदा शिडीचा हात राणीच्या मनगटावर बसला, तेव्हा पंचांनी बोट दाखवायच्या आत तिने स्वतःच हात वर केला. अखेरच्या क्षणी संघ एका गुणाने पुढे होता. राणीने उडी मारली, शिडीनेही मारली. उतरताना शिडीने पाय आखडून राणीला टेकायला जागा दिली. बॉल मात्र जाळीतून खाली आला.

सामना गेला. खोलीत सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने सगळ्यांची माफी मागावी, नाहीतर पुढच्या मोसमात दुसरा संघ शोधावा, असं त्यांनी बजावलं.

"हरल्याचं वाईट मलाही वाटतंय," शिडी म्हणाली. "पण माफी मागणार नाही."

मग कॅप्टन घोट्यावरची चिकटपट्टी सोडवत म्हणाली, "मीही पाय घातला नाही, सर. दोनदा संधी होती."

दुसऱ्या उंच मुलीने मान वर केली. "मीही नाही."

सरांनी तिघींकडे पाहिलं. तिघींना काढलं तर उंच म्हणायला संघात कोणीच राहत नव्हतं. मार्कर फळ्याखाली टाकून ते बाहेर पडले.

पुढच्या मोसमात शिडी त्याच संघात होती आणि सरही तेच होते. फाउलचा हिशोब ते अजूनही मांडत, पण आता फळ्यावर उंच मुली तीन आणि फाउल बारा असत. शिडीचे सहा ते धरत नसत. ते सहा तिचे होते, आणि कधी वापरायचे ते ती ठरवायची.