क्लेटनची बंदूक

ऑरिनने ट्रकच्या सीटवरून बंदूक उचलली, फडक्याने नळी पुन्हा एकदा पुसली आणि कोपराने दार ढकलून लावलं. पुसण्यासारखं तिच्यावर काही उरलं नव्हतं. अक्रोडाच्या दस्त्याला त्याने महिनाभर तेल चोळलं होतं, पितळेचा साज घासून लख्ख केला होता, आणि मैदानावरचा जो तो वाकडी वाट करून ती बघायला येत होता. एरवी अशा कौतुकाने माणूस चार बोटं वर चालतो. ऑरिनला मात्र कुणी स्तुती केली की कॉलर काचल्यासारखी व्हायची.

"सुट्या भागांचं खोकं आणून ही जोडलीस म्हणे," वेंडल म्हणाला. वेंडल क्लबचा सेक्रेटरी, आणि गप्प बसणं हे त्याच्या खात्यातलं काम नव्हे. "खरं सांग, कुठल्या म्युझियमची खिडकी फोडलीस?"

"खोक्यातलीच आहे."

"जेवणं झाल्यावर मला हिचा एक बार उडवू दे. नाही म्हणू नकोस."

ऑरिनने नुसतीच दस्त्यावरून बोटं फिरवली.

जुनियाटा नदीकाठच्या या क्लबात नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या जुन्या ठासणीच्या बंदुकांनी सलामी द्यायची, मग शेडमध्ये बसून डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी खायचा, हे त्यांच्या पणज्यांपासून चालत आलेलं. त्यात कुणी नवी बंदूक बनवली असली तर तिचा पहिला बार त्या दिवशी व्हायचा. बार भरायचा तो बनवणाऱ्याने, आणि उडवायचा तो ज्याने त्याला ही विद्या शिकवली त्याने. गुरूने दस्त्याला गाल टेकवला की बंदूक पास झाली. त्यापुढे कुणी तिला वाकडं बोलत नसे.

ऑरिनला शिकवलं होतं थेल्मामावशींनी. खोकंही त्यांचंच. त्यांच्या नवऱ्याने, क्लेटनने, हौसेने मागवलेलं आणि उघडायच्या आत तो गेला. पुढे कितीतरी वर्षं ते पलंगाखाली पडून होतं. ऑरिनची शाळेच्या बसवरची नोकरी संपली आणि तो घरात भिंतींशी बोलायला लागला, तेव्हा मावशींनी ते खोकं ओढत बाहेर काढलं. "हे घे. हाताला काम नसलं की माणूस डोकं खातो, स्वतःचंही आणि दुसऱ्याचंही. फक्त एक ऐक. भोकं पाडायची वेळ आली की माझ्याकडे ये. माझ्या यंत्रावर पाडू."

तेवढंच ऑरिनने ऐकलं नाही. चापाचं यंत्र दस्त्याला आवळून धरणारा आडवा बोल्ट, त्याचं भोक. एका संध्याकाळी हातात जोर होता, डोक्यात उत्साह होता, आणि मावशींना आयतीच पुरी झालेली बंदूक दाखवावी अशी हावही होती. त्याने हातातल्या ड्रिलनेच पाडलं. पातं लाकडातून सरळ गेलं आणि मध्यावर कुठेतरी वर चढलं. लाकडाचा भुसा यायचा थांबून चकचकीत लोखंडी कीस यायला लागला, तेव्हा त्याला कळलं. पात्याने नळीचं पोट कुरतडलं होतं, नेमकं जिथे दारू बसते तिथे. बार उडताना नळी तिथे फुटली, तर वर गाल असतो, बाजूला डोळा.

नवी नळी मिळाली असती. पण मग मावशींना सांगावं लागलं असतं. म्हणून त्याने खड्ड्यात लोखंडी लांबी, भेगा बुजवायचा लगदा, भरली, कानस फिरवली, काळा रंग दिला आणि नळी दस्त्यात बसवून टाकली. आता ते कुणाला दिसणार नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं त्याने ठरवलं खूपदा. नोव्हेंबरच्या मेजवानीला मावशी भोपळ्याची गोड पेस्ट्री घेऊन आल्या, बंदूक मांडीवर घेऊन बसल्या आणि न बोलता रडल्या. त्यानंतर तर त्याने ठरवणंही सोडून दिलं.

काल रात्री त्याने फोन करून सर्दीचं निमित्त काढून बघितलं होतं.

"सर्दीने बंदूक शिंकते का?" मावशी म्हणाल्या होत्या. "सकाळी ये मुकाट्याने."

आता त्या लोकरी टोपी कानांवर ओढून गोळीबाराच्या रेषेशी उभ्या होत्या. वाकलेल्या, काटकुळ्या, पण खांदा ताठ. मागे सगळा क्लब गोळा झाला होता.

"भर रे," त्या म्हणाल्या.

ऑरिनने बंदूक पायाशी उभी धरली. दारू ठेवायचं शिंग उचललं, पितळी मापावर तिरकं केलं. लोकांकडे त्याने पाठ केली होती. शिंगाचं बूच त्याने काढलंच नाही. रिकामं माप नळीच्या तोंडाशी उलटं केलं, बोटाने टिचकी मारली, तेल लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गोळी गुंडाळली आणि गजाने ठासत ठासत तळापर्यंत नेली. ठासणीच्या बंदूकवाल्यांत याहून मोठी नाचक्की नाही. नवशिका पोरगासुद्धा दारू विसरला तर वर्षभर तोंड लपवतो. पण ऑरिनला दुसरं काही सुचलं नव्हतं.

मावशी गजाकडे बघत होत्या. मग त्यांनी बंदूक हातात घेतली, घोड्याखालच्या रंजकदाणीत पेटवणीची चिमूटभर बारीक दारू टाकली, घोडा चढवला आणि दस्त्याला गाल टेकवला. जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला.

चाप ओढला. गारगोटी आपटली, रंजक फुर्रकन पेटलं, पांढरा धूर मावशींच्या टोपीवरून निघून गेला. पुढे काही झालं नाही.

मग जो हशा उसळला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल.

"दारूच विसरला," वेंडल डोळे पुसत म्हणाला. "मावशी, तुमच्या शिष्याने गोळी भरली, दारू घरीच ठेवली. घंटा आणा रे."

असल्या गाढवपणाला क्लबात गाईची घंटा ठेवलेली होती. ती ऑरिनच्या गळ्यात पडली. दिवसभर घालायची, जेवायला शेवटी बसायचं. ऑरिनने मान खाली घालून ती अडकवून घेतली. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटत होती.

पण वेंडल गोळी काढायचा हवेचा पंप घेऊन आला. "दोन मिनिटांचं काम आहे. उडवतो गोळी बाहेर. आता नीट भर, आम्ही सगळे बघतो."

हे ऑरिनच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याने तोंड उघडलं.

"नको," मावशी म्हणाल्या. "खांदा दुखतोय माझा."

"अहो, पण बार कुठे झाला?"

"गारगोटीने ठिणगी पाडली, रंजक पेटलं. क्लेटनच्या बंदुकीकडून मला एवढं पुष्कळ झालं. तुझा कोबी करपतोय, वेंडल, वास येतोय इथपर्यंत." त्यांनी बंदूक काखेत मारली. "ऑरिन, चल. गोळी आत काढू."

शेडच्या मागच्या खोलीत मावशींनी बंदूक बाकावरच्या शेगड्यात, लोखंडी पकडीत, आवळली, गजाच्या टोकाला गोळी काढायचा स्क्रू बसवला आणि फिरवायला लागल्या. भिंतीपलीकडे ताटांचा खडखडाट चालला होता.

"दारू भरली की गज खुणेवर थांबतो. तुझा दोन बोटं खाली गेला," त्या म्हणाल्या.

ऑरिन फडक्याने बाकाची कड पुसायला लागला.

"गज खाली जाताना बघण्यात जन्म गेला माझा. शिवाय दारू विसरलेल्या माणसाचे कान नंतर लाल होतात. तुझे आधीच झाले होते."

"तुम्हाला कळलं होतं? मग चाप कशाला ओढलात?"

"तुला दारू घालायची नव्हती. का, ते माहीत नव्हतं. चारचौघांत विचारायचं नव्हतं म्हणून ओढला." गोळी बाहेर आली. ती त्यांनी खिशात टाकली. "आता विचारते."

त्याने सांगितलं. सांगताना तो त्यांच्या बुटांकडे बघत होता. संध्याकाळ, ड्रिल, लोखंडी कीस, लांबी, काळा रंग. मध्येच घंटा वाजली तशी त्याने ती मुठीत धरली. मावशींनी खिळ्या ठोकून काढल्या, मागचा स्क्रू सोडवला, नळी दस्त्यातून उचलली आणि खिडकीपाशी नेऊन उलटी केली. नखाने खरवडलं. काळा रंग निघाला, खालची राखाडी लांबी भुसभुशीत होऊन पडली. आत करंगळीचं टोक मावेल एवढा खड्डा होता.



"नळी मी नवी मागवतो," ऑरिन म्हणाला. "अगदी अशीच मिळते."

"अशीच मिळेल."

"मावशी, गज खुणेवर थांबला असता तर? म्हणजे मी दारू घातली असती, तर?"

"तर काय?" त्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ऑरिनला बरं वाटलं असतं. "गाल टेकवला असता. बार तू भरला होतास."

ऑरिनला वाटलं, जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. तो बाकावर बसला आणि पुन्हा उठला. पलीकडून वेंडलचा आवाज आला, शिष्य गुरूला दारू म्हणजे काय ते समजावतोय का म्हणून, आणि हसण्याचा फवारा.

मावशींनी नळी त्याच्या हातात दिली.

"ही करवतीने कापायची. कुणाच्या हाती लागता कामा नये. आणि जेवण झाल्यावर वेंडल बार मागणार आहे, त्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ. खांदा दुखतोय असं मी एकदा म्हटलं. पुन्हा म्हणणार नाही."

त्या जेवायला निघून गेल्या. ऑरिन थोडा वेळ खिडकीपाशी थांबला. मागच्या दाराने निघून ट्रक गाठता आला असता. ट्रकची किल्ली खिशात होती, ती त्याने चाचपूनही बघितली. मग तो पुढच्या दाराने जेवणाच्या बाजूला गेला.

लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लोक बसले होते. त्याच्यासाठी शेवटची खुर्ची ठेवलेली होती.

"या, विसराळू," वेंडल म्हणाला. "सापडली का दारू?"

"विसरलो नव्हतो," ऑरिन म्हणाला.

याचंही त्यांना हसू आलं. मावशी ताटात बघत होत्या. हसू ओसरेपर्यंत तो उभा राहिला, मग त्याने नळी उलटी करून ताटांच्या मधोमध ठेवली आणि खड्डा सगळ्यांकडे वळवला.