लिफ्टमनकाकांच्या आवाजाचे कासव

मी एक जुने, तेलकट मातीचे कासव आहे. पोटात तारेचा सांगाडा, पाठीवर मला घडवणाऱ्या ताईंच्या अंगठ्याचे ठसे आणि मागचा एक पाय तडकलेला. पण मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. एके काळी मी लोकांना पोट धरून हसवले आहे.

खरे तर माझा जन्म सिंहाचा. ताई मातीच्या प्राण्यांचे छोटे विनोदी चित्रपट करत, पण त्यांतले बोलणे खऱ्या माणसांचे असे. त्या लोकांना साधे प्रश्न विचारून उत्तरे ध्वनिमुद्रित करत आणि मग त्या आवाजाला शोभेल असा प्राणी घडवत. एका कचेरीतल्या लिफ्टमनकाकांचा आवाज इतका दणदणीत, की ताईंनी डोळे मिटून सिंह केला. सिंह बोलू लागला आणि कुणीही हसले नाही.

ताईंनी पुन्हा कान देऊन ऐकले. "सुट्टी मिळाली तर कुठे जाल, काका?" असे त्यांनी विचारले होते. काका कितीतरी वेळ गप्प. मागे नुसती लिफ्टची घरघर. मग ते म्हणाले, "गच्चीवर. छत्तीस वर्षं लोकांना वर सोडतोय, पण स्वतः कधी बाहेर पाऊल टाकलं नाही. खालून घंटा वाजते ना!"

"अगं बाई, हा कुठला सिंह!" ताई म्हणाल्या.

त्याच दुपारी माझी आयाळ गेली आणि पाठीवर कवच आले. मला पुठ्ठ्याच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसवले. केसभर हलवायचे, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचे. एका सेकंदासाठी असे बारा फोटो. काका गप्प बसले तिथे मी हळूच मान आत घेतली. तेवढ्यालाच चार दिवस लागले.

आवाज ज्याचा, त्याने होकार दिल्याशिवाय चित्रपट बाहेर दाखवायचा नाही, असा ताईंचा नेम होता. काका-काकू पाहायला आले. मी मान आत घेतली तशा काकू खो खो हसत सुटल्या. "अहो, घरीसुद्धा अगदी अस्संच करता तुम्ही!"

लिफ्टचे दार बंद झाले, चित्रपट संपला, तरी काका हसले नाहीत. ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. वर्षभराची मेहनत काकांच्या एका शब्दावर टांगली होती. मला तर वाटले, आपण एका भल्या माणसाची थट्टा केली.

"ताई," काका शेवटी म्हणाले, "कासव बोललं, लोक हसले, आणि पुन्हा दार बंद? त्याला वर सोडा की! मग दाखवा खुशाल."

ताईंनी लगेच पुठ्ठ्याची गच्ची बांधली. दार उघडले आणि मी एकेक पाऊल टाकत बाहेर आले. खालून घंटा वाजत होती. मी वळूनही पाहिले नाही. पुढच्या सोमवारी काकूंचा फोन आला. "आज हे लिफ्ट सोडून गच्चीवर गेले. चांगली दहा मिनिटं! खाली सगळे बोंबलत होते."

त्या दिवसाइतका आनंद मला टाळ्यांनीही झाला नाही.

आता नवे चित्रपट संगणकावर होतात. मी बुटांच्या खोक्यात, सगळ्यात खालच्या फळीवर, एका कान तुटलेल्या माकडाशेजारी पडून असते. मित्रांनो, कुणाला काही विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत जरा थांबत जा. आणि कधी ही खोली आवरायला आलात, तर मला टाकून देऊ नका. जमले तर खोके उचलून वरच्या फळीवर ठेवा. झाकण तेवढे उघडे राहू द्या.