डावऱ्याची काठी

“बाबा, ती खिळ्यावरची काठी हवी होती. म्हणजे तुम्हीच काढून द्या, मी हात लावत नाही,” रोना शेडच्या दारातून म्हणाली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते. आमच्याकडे मुली लहानपणापासून अशाच उभ्या राहतात. लॅक्रॉस या आमच्या चेंडूच्या खेळातल्या, टोकाला जाळी असलेल्या लाकडी काठीला बाईचा हात लागत नाही. लागला, तर त्या काठीने पुन्हा खेळायचं नाही.

“कशाला हवीय?” डेल्मरने विचारलं.

“रिंकवरच्या काचेच्या कपाटात. शनिवारी तुमचा सत्कार आहे, विसरलात का?”

“सत्कार करा. काठी नाही मिळणार.”

डेल्मर बॉम्बेरी माझा मेहुणा, थोरल्या बहिणीचा नवरा. ग्रँड नदीकाठच्या आमच्या मूलनिवासी वस्तीच्या संघाकडून तो एकतीस हंगाम खेळला. आठवडाभर बफेलोला उंच पोलादी सांगाड्यांवर काम करायचा आणि शुक्रवारी सामन्यासाठी थेट रिंकच्या मैदानात उतरायचा. एका शहरी क्लबाने त्याला पगार देऊन नेलं होतं, पण वर्षभरात परत आला. म्हणाला, तिथे जिंकल्यावर लोक हात मिळवतात आणि आपापल्या घरी जातात, मक्याचं सूप कोणी विचारत नाही. त्याच्यासारखा डावरा आमच्या गावात झाला नाही. हे मी सांगायची गरज नाही, तो स्वतःच सांगतो. नम्रपणाच्या वाटेला तो कधी गेला नाही.

गावाने मात्र त्याला एकाच गोष्टीसाठी लक्षात ठेवलं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला त्याचा चेंडू गोलच्या खांबाला लागला आणि आम्ही एका गोलाने हरलो. तेव्हापासून त्याचं नाव ‘खांब’. दुकानात कोणी हाक मारली, “काय खांबा, कसा आहेस?” की हा म्हणायचा, “अजून उभा आहे.”

या वसंतात डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचं स्पष्ट सांगितलं. तो तिथून सरळ माझ्याकडे आला. “मला काठी कर. डावी.” गावातल्या काठ्या मीच करतो; डावऱ्याची एका बाजूला वळवलेली, उजव्याची दुसऱ्या. आमचा खेळाडू गेला की काठी त्याच्यासोबत जाते. वर पोचल्या पोचल्या खेळायचं असतं. त्यासाठी आणलेलं हिकरीच्या झाडाचं चिवट लाकूड आता वाकवून, वाळवून झालं होतं. मूठ हाताला बसते का ते बघायला मी त्या दिवशी त्याच्या शेडमध्ये आलो होतो.

रोना हटली नाही. तिने पर्समधून एक फोटो काढला. “मग हे तरी सांगा. हा फायनलचा फोटो. मला वाटलं उलटा छापलाय, पण जर्सीवरचा आकडा सरळ आहे. तुम्ही डावरे, आणि हातात उजवी काठी. का?”

“मूठ जाड आहे रे,” डेल्मर मला म्हणाला.

“बाबा, मला शाळेत खांबाची पोरगी म्हणायचे. मला कळायला नको?”

तो नव्या काठीची मूठ चाचपत राहिला. मला मात्र राहवलं नाही. आईचा भाऊ म्हणून आमच्यात मामाचा शब्द चालतो, तो इतकी वर्षं मी गिळून बसलो होतो.

“ती काठी माझी होती,” मी म्हणालो. “याची एक आदल्याच सामन्यात तुटली. दुसरी ती खिळ्यावरची, मीच केलेली. संघात दुसरा डावरा नव्हता. फायनलच्या दुपारी हा माझ्या दारात आला, म्हणाला तुझी दे. उलट्या हाताने खेळून याने चार गोल केले, रोना. चार.”

“आणि ही? हिला काय झालं होतं?”

रोना खिळ्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. “पाऊस आला होता. काठी ओसरीवर भिजत होती. मी ती उचलून माझ्या पलंगावर निजवली. वर गोधडी घातली.”

“पाच वर्षांची होतीस,” डेल्मर म्हणाला.

“तुम्ही मला शाबास म्हणालात.”

“मग काय म्हणणार? भिजू दिली नाहीस.”

“गावाला का नाही सांगितलंत?”

“खांबाची पोरगी म्हणतात ते बरं होतं. दुसरं काही म्हणाले असते तर तुला आयुष्यभर लागलं असतं.”

तो उठला. धाप लागली तसा क्षणभर टेबलाला धरून उभा राहिला. मग खिळ्यावरची काठी काढून त्याने तिच्यापुढे धरली.

“घे. ही तुझीच आहे, कपाटात नको ठेवूस. तिथे तो फोटो लाव, आणि खाली चार गोल लिही.”

रोनाचे हात पाठीमागेच होते. तिने माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायचं असेल तर ते मलाच म्हणायला हवं होतं. मी रंधा उचलला आणि नव्या काठीच्या मुठीवरून फिरवू लागलो.

“अजून थोडी,” डेल्मर म्हणाला. “वर गेल्यावर खांबाला लागायला नको.”

ट्रकचं दार वाजलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. रोनाने काठी शेजारच्या सीटवर आडवी ठेवली होती आणि अंगातलं जाकीट काढून ती काठीवर नीट पांघरत होती.