शाहीर का जादूगार

दुष्काळानं जनावरांच्या कासा आटल्या, तसं दूध सोसायटीच्या गहिनीनाथ सेक्रेटरीला काम उरलं नाही. तो आणि दूध तपासणारा त्रिंबक दिवसभर मोबाइलवर राक्षसांचा खेळ खेळत बसायचे. त्या सकाळी वाद पेटला होता : राक्षसांची झुंड अंगावर आली तर थोपवावी कोणी, जादूगारानं का शाहिरानं?

"जादूगारच," गहिनीनाथ म्हणाला. "एक मंतर टाकला की वीस राक्षस जागीच गोठले."

"आन् मधी आपली माणसं असली तर तीबी गोठत्यात की बे! शाहीर गायला लागला की राक्षस लडाई इसरून ऐकत बसत्यात."

"गाणं थांबल्यावर?"

"थांबायचंच कावून?"

तेवढ्यात चार दिवसांनी टँकर आला. हंडे, कळशा घेऊन सारा गाव तुटून पडला. पाणी वाटायचं काम सोसायटीकडं. गहिनीनाथ स्टुलावर चढून गरजला, "कुणी हालायचं न्हाई!" गर्दीच्या पहिल्याच रेट्यात तो स्टुलासकट आडवा झाला.

त्रिंबकनं सोसायटीचा भोंगा उचलला. गाणं काही येत नव्हतं. ऑफिसातल्या कपाटावर सोसायटीच्या निवडणुकीची, सह्या घेतलेली मतदार यादी दिसली, तीच ओढली. "नाव येईल त्यानंच पुढं यायचं!"

आपलं नाव हुकेल म्हणून गर्दी चिडीचूप झाली. तीन हंडे शिस्तीत भरले.

"सटवा धोंडीराम!"

"आरं, मालकाला जाऊन सा वर्सं झाली," कडूबाई ओरडली.

"पर मावशी, औंदाच्या मतदानाला सही हाय त्यांची."

"सही? जित्तेपणी तर अंगठा उठवायचे!"

गर्दी खदखदून हसली. गहिनीनाथ धडपडत उठला. त्या सह्या कोणी ठोकल्या, हे त्याच्या उजव्या हाताला चांगलं ठाऊक होतं. त्यानं खुणा केल्या, हात जोडले. पण त्रिंबक थांबेना. थांबला की गर्दी पुन्हा उसळणार. पुढची चारही नावं मेलेल्यांचीच निघाली. प्रत्येक नावाला लोक टाळ्या पिटायला लागले.

कडूबाईनं दुसरी कळशी पुढं सरकवली. "मालकाचीबी भर. मतदान करत्यात तर पानीबी पीत असत्याल."

गहिनीनाथनं मुकाट्यानं भरली.

एका नावावर घरातले सारे हंडे भरत गेले, नि अर्ध्या यादीतच गावाचं पाणी थेंबही न सांडता वाटून झालं. त्याच मतदानातून निवडून आलेले चेअरमन भगवानराव धावत आले. "बंद कर ते!"

"वाचू द्या!" सारा गाव एका सुरात ओरडला.

रिकामा टँकर धुरळा उडवत निघून गेला, तरी एक माणूस जागचा हलला नाही. यादी अजून अर्धी बाकी होती.