अकरा सेकंदांचा आवाज

मित्रांनो, घशाच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर आवाज भरून घेण्याची एक खोली आहे. तिथल्या कपाटावर एक करड्या रंगाची पेटी पडून असते आणि तिच्यावर हल्ली जुन्या फायलींचे गठ्ठे ठेवतात. ती पेटी म्हणजे मी, या खोलीतला जुना संगणक.

काही माणसांच्या घशाला असा आजार होतो, की शस्त्रक्रिया करून स्वरयंत्रच काढावं लागतं. जीव वाचतो, पण आवाज जातो. अशी माणसं शस्त्रक्रियेआधी माझ्यासमोर बसून बोलायची. कुणी नातवंडांना हाका मारायचं, कुणी नुसतेच आकडे म्हणायचं. तो आवाज मी जपून ठेवायचो. पुढे घरची माणसं तो फोनमध्ये घालून घ्यायची.

हे काम मला शिकवलं प्रोग्रॅमरताईंनी. स्टुलावर मांडी घालून त्या तासन्‌तास टकटक करत. बोलणं भरून घ्यायला मी दुसऱ्याच आठवड्यात शिकलो, तरी त्यांचं लिहिणं संपेना. रुग्णांकडून आवाजाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई या खोलीच्या प्रमुख. त्यांनी एकदा न राहवून विचारलं, "अहो, सगळं चालायला लागलंय की! मग अजून काय लिहिताय?"

"आवराआवर," ताई म्हणाल्या. "उघडलेली फाईल मिटायची, धरलेला माइक सोडायचा, तात्पुरते तुकडे पुसायचे. काम नीट संपलं तरी, आणि मध्येच कोलमडलं तरी."

"कोलमडल्यावर कसलं आलंय आवरणं?"

"तेव्हाच तर जास्त आवरावं लागतं, बाई."

एकदा एका गाणाऱ्या मास्तरांचा आवाज भरून घेत असताना, झाडलोट करणाऱ्या मावशींची बादली माइकच्या वायरीत अडकली आणि माइक धाडकन खाली आला. माझा प्रोग्रॅम जागीच अडखळला. पण थांबण्याआधी त्याने मास्तरांची चाळीस मिनिटं नीट उतरवून फाईल मिटली. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शहाणा आहे हं आमचा!" त्या दिवशी मला काय वाटलं म्हणून सांगू!

पुढे ताईंना दुसरीकडे नोकरी लागली. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ वाईट नव्हते. दोन मुलांचे बाप, कामाला वाघ. बाहेर बाकावर घसा धरून बसलेली माणसं त्यांना पाहवत नसत. जरा काही चूक झाली की मी आवराआवर करायला चार-चार मिनिटं घेई, तोवर सगळे खोळंबून राहत. एका सकाळी त्यांनी तो भागच वगळला. चूक आली की सरळ बाहेर पडायचं आणि पहिलं पान दाखवायचं.

"बघा, कसं चटकन होतंय आता," ते बाईंना म्हणाले. बाईंनाही बरं वाटलं.

पण तात्पुरते तुकडे आता पुसले जात नव्हते. दर चुकीमागे एखादा तुकडा माझ्या पोटात राहून जाई. तीन महिन्यांत माझं पोट असं गच्च भरलं, की तीळ ठेवायला जागा उरली नाही. बाहेरून कुणाला काही कळत नव्हतं.

अशा वेळी रेडिओकाका आले. त्यांचं केस कापायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाची दाढी होईपर्यंत सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगून ते मोकळे होत, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची शस्त्रक्रिया होती. आवाज बसला होता, पण बोलणं थांबलं नव्हतं.

"बाई, आमची ही नऊ वर्षांपूर्वी डोळ्यांनी गेली आणि मी आता गळ्यानं चाललोय. दोघांत मिळून एक धड माणूस उरतंय बघा!" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. सोबत आलेली त्यांची मुलगी हसली नाही.

काकूंना दिसत नव्हतं. काका चिठ्ठी लिहून देणार तरी कुणाला? म्हणून मुलीने रोजची वाक्यं कागदावर उतरवून आणली होती. काका ती एकेक करून बोलत गेले. "चहा ठेवलाय, कपाचा कान उजवीकडे आहे." "पायरी आहे, जपून." "मीच आहे, घाबरू नकोस."

यादी संपली. काकांनी कागद बाजूला सारला आणि ते काकूंशी आपल्या मनाने बोलू लागले. मुलगी उठली आणि हलकेच दार ओढून बाहेर गेली. ते काय बोलले, ते मी सांगणार नाही. ते त्या दोघांचं होतं.

त्र्याण्णवाव्या मिनिटाला मला एक छोटीशी नोंद लिहायची होती. जागाच नव्हती. चूक आली आणि शिकवल्याप्रमाणे मुख्य प्रोग्रॅम सरळ बाहेर पडला. पण आवाज धरणारा त्याचा भाग आतच राहिला, माइक घट्ट धरून. काकांचं जवळजवळ सगळं बोलणं त्याच्याच ओंजळीत होतं. अजून कुठेच उतरवलेलं नव्हतं.

पडद्यावर पहिलं पान आलं. काम नीट झाल्यावरही तेच पान येई. "झालं वाटतं," असं म्हणून काका उठले. काचेपलीकडे बसलेल्या बाईंनीही मान डोलावली.

जेवणाच्या सुट्टीनंतर पुढचा रुग्ण आला, तर माइक काही मिळेना. तेव्हा काका खालच्या मजल्यावरच होते, खिडकीपाशी कागदांवर सह्या करत.

"अडकलंय कुठेतरी. बंद करून चालू करतो," नवे गृहस्थ म्हणाले.

मित्रांनो, इतक्यांचा आवाज मी सांभाळला, पण मला स्वतःला आवाज नाही. 'थांबा' हा एक शब्द मला म्हणता आला नाही. त्यांनी बटण दाबून धरलं आणि त्या ओंजळीत जे होतं, ते सगळं गेलं.

अठरा दिवसांनी मुलगी आवाज न्यायला आली. बाईंनी फाईल उघडली. अकरा सेकंद. पुन्हा उघडली. अकराच.

प्रोग्रॅमरताईंना बोलावणं गेलं. संध्याकाळपर्यंत त्या माझा कोपरा न् कोपरा धुंडाळत होत्या. शेवटी त्यांनी मान हलवली. "त्या दुपारी बंद करायच्या आधी मला फोन केला असता, तर..." त्या म्हणाल्या. शेजारी ते गृहस्थ डोकं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका तपासणीला आले, तेव्हा ते गृहस्थ स्वतःच त्यांच्यापुढे गेले. "चूक माझी आहे, काका."

काकांच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'तिला मी कसं सांगू?'

ते मुलीने सांगितलं. दोन दिवसांनी काकू मुलीचा हात धरून जिना चढून आल्या. मागे काका होते. "जेवढं आहे तेवढं ऐकवा," काकू म्हणाल्या.

बाईंनी लावलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग घसा खाकरल्याचा. आणि मग काका बोलले, "झालं का सुरू? बरं. अगं, ऐकतेस ना?"

एवढंच होतं.

"हो," काकू म्हणाल्या. "ऐकतेय. बोला."

आणि त्या वाट पाहत राहिल्या. मग काकांनी त्यांचा हात हातात घेतला, तळवा उलगडला आणि ते त्यावर बोटाने सावकाश अक्षरं काढू लागले. काकू एकेक अक्षर ओठांत जुळवत होत्या. पहिला शब्द जुळायला फार वेळ लागला.

वगळलेला भाग त्या गृहस्थांनी ताईंच्या शेजारी बसून पुन्हा लिहिला. नंतर नवा संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. त्याचं मला दुःख नाही.

तुमच्यापैकी कुणीतरी उद्या माझ्यासारख्याला काम शिकवेल. शेवटी आवराआवर लिहायचा कंटाळा येईल, घाईही असेल. तरी तेवढं वगळू नका. आणि एखादं यंत्र अडकलं, तर ते बंद करण्याआधी क्षणभर थांबा. त्याच्या हातात कुणाचं काही राहिलंय का, एवढं बघा. माझ्या हातात होतं.