बाईंनी मला सोडलं

मी काठ बोलतोय. नदीचा नव्हे हो, एवढं थोर नशीब माझं कुठलं! पोहण्याच्या तलावाचा, साध्या निळ्या फरश्यांचा काठ. उथळ बाजूला शिडीजवळ एक फरशी फिकट झाली आहे ना, तिथे मला हमखास कोणीतरी जीव मुठीत धरून पकडलेलं असतं.

मला घडवलं एका कुरकुऱ्या गवंड्याने. फरशी बसल्यावर त्याच्या बायकोने माझ्यावरून तळहात फिरवला आणि ती म्हणाली, "अहो, ही धार अशीच ठेवणार? पोरं इथे हात धरतील!" गवंडी पुटपुटला, पण दगड घेऊन बसला आणि घासघासून त्याने मला गोल केलं. तेव्हापासून मी कुणाला बोचलेलो नाही.

माणसांची गंमत सांगू? माझ्यावर बसून जे मोठमोठ्याने सल्ले देतात, "पाय मार, पाय मार," त्यांतल्या निम्म्यांना पोहताच येत नाही. असो.

गेल्या उन्हाळ्यात बाई आल्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना शिकवणार होता त्यांचाच एक जुना विद्यार्थी. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणतात. बाईंबरोबर त्यांची चिमुरडी नातही यायची. माझ्यावर बसायची, पण पाय पोटाशी घेऊन.

"तू का नाही येत गं?" मास्तरने विचारलं.

"आजीला भीती वाटते. आईलापण वाटते. म्हणून मलापण वाटते."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. स्वतःच्या भीतीपायी त्यांनी लेकीला कधी पाण्यात जाऊ दिलं नव्हतं. नातीचं तरी तसं होऊ नये, म्हणून तर त्या या वयात उतरल्या होत्या. पण माझ्यावरचे हात सुटतील तर शपथ!

"बाई, आता सोडा."

"सोडते रे. आधी सांग, या काठाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"एज."

"आणि मूळ अर्थ?"

झालं! मास्तर बिचारा छातीभर पाण्यात हात मागे बांधून उभा. बाईंसमोर उलट बोलायची सवयच नाही त्याला. बाईंनी सांगितलं, हा शब्द फार जुना. पूर्वी तो तलवारीच्या पात्याच्या धारेसाठी वापरत. धारेवरून मग तो टेबलाच्या कडेला आला, रस्त्याच्या कडेला आला, आणि आला या तलावावर. मी तर फुशारूनच गेलो. आपण एकदम तलवारीच्या घराण्यातले! गवंड्याची बायको हे ऐकून पोट धरून हसली असती.

दुसऱ्या दिवशी त्याच घराण्यातला आणखी एक शब्द निघाला. 'एग ऑन' म्हणजे एखाद्याला टोचून टोचून पुढे ढकलणं. त्यातल्या 'एग'चा अंड्याशी काडीचा संबंध नाही, तो युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आला. नमनालाच घडाभर तेल संपलं, शिट्टी झाली आणि बाई वर आल्या. केस कोरडे ठणठणीत! वेळ मारून नेणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण इतकं विद्वान कुणी नाही.

असं करता करता वर्गाचा शेवटचा दिवस उजाडला. बाईंनी नवा शब्द काढला, तशी वरून नात ओरडली, "आजी, तू परत शाळा भरवलीस!" आणि थरथरत, एकेक पायरी करत, ती स्वतःच शिडीवरून खाली आली. आजीशेजारी मला घट्ट धरलं.

"तू सोडलंस तरच मी सोडेन," ती म्हणाली.

बाई गप्प झाल्या. अख्ख्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. मला ओरडावंसं वाटत होतं, सोडा हो बाई! पण मला तोंड नाही, आणि टोचावं तर धारही उरलेली नाही. मी नुसता होतो तिथे राहिलो.

आधी अंगठे सुटले. मग उजवा हात. डाव्या हाताची करंगळी तेवढी कितीतरी वेळ माझ्यावर राहिली. मग तीही गेली. "अगं आई गं!" करत, नाकातोंडात पाणी घेत, हातपाय झाडत बाई मास्तरपर्यंत पोचल्या. तो शिट्टी वाजवायचंही विसरला.

"पास, बाई!"

"काठावर का रे?"

"छे! चांगल्या मार्कांनी."

त्यांचं हसणं संपायच्या आत नातीने मला सोडलं होतं.

आता माझा रंग उडालाय, दोन फरश्या हलतात. पण काल त्या फिकट फरशीशी एक नवी बाई येऊन चिकटली. पकड तीच, बोटंही तीच. बाईंची लेक! "थांबा गं, पाण्याची जरा सवय होऊ दे," म्हणाली. बाईंनी तोंड उघडलं. आता तलवार निघणार, मी ओळखलं. पण नातीने पाण्यातूनच आजीच्या तोंडावर हात ठेवला.

"आई, सोड. आम्ही दोघी आहोत इथे."

तुम्हीही या. हवं तितका वेळ धरा मला, मी कंटाळत नाही. फक्त एकदा सोडा. तुमच्या हाताचा ओला ठसा माझ्यावर राहतो. तो वाळेपर्यंत मी तुमच्याकडेच बघत असतो.